१५ वर्षांच्या मुलाच्या जबड्यात काळा डाग : रूट कॅनालच्या आधी दात जिवंत आहेत का ते पाहा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतर आईवडिलांनाही संदर्भ कळेल. मुलगा १५ वर्षांचा. दात वेडेवाकडे म्हणून तारा बसवायला नेलात. तिथं ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढला, तर खालच्या जबड्यात उजव्या बाजूला, उपदाढा आणि पहिल्या दाढेच्या मुळांखाली मोठा काळा डाग दिसला. दुखत नाही, सूज नाही, पू नाही. एक डॉक्टर म्हणाले, तीन दातांचं रूट कॅनाल करू आणि मग सिस्ट (हाडातली पिशवी किंवा पोकळी) काढू. दुसऱ्यांनी थेट मोठ्या ऑपरेशनचं सांगितलं. गेल्या वर्षी फुटबॉल खेळताना त्याच्या हनुवटीवर कोपर बसला होता, त्यानं झालं का, कॅन्सर तर नाही ना, आणि तारा बसवायच्या की नाही, असं तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं तोंडाच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो. अशी पोरं आणि असे घाबरलेले आईवडील नेहमी येतात. बहुतेक वेळा पोरगं मोबाईलवर खेळत बसलेलं असतं आणि आईच्या डोळ्यांत पाणी असतं. तुमचे प्रश्न बरोबर आहेत, पण त्या सगळ्यांच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय : हा डाग नेमका कशाचा? त्याचं उत्तर मिळायच्या आत दोन डॉक्टरांनी दोन उपचार सांगितले, म्हणून तुमचा गोंधळ झालाय.

एक्स-रेवर काळं दिसतं याचा अर्थ त्या जागी हाड कमी आहे, इतकाच. तिथं पाणी असेल, रक्त असेल, मऊ गाठ असेल किंवा चक्क काहीच नसेल. तुम्ही पाठवलेला फोटो ट्यूबलाइटसमोर फिल्म धरून काढलेला आहे, त्यावरून मी नाव सांगणार नाही. मूळ फिल्म हातात असती तरी एकट्या फिल्मवरून छातीठोकपणे सांगितलं नसतं. पण तुम्ही लिहिलेल्या माहितीवरून काय जास्त शक्य वाटतं आणि मी कुठल्या क्रमानं पुढे गेलो असतो, ते सांगतो.

कॅन्सरचं आधी, कारण त्याशिवाय पुढचं तुमच्या डोक्यात शिरायचं नाही. १५ वर्षं वय, कसलाही त्रास नाही, डाग योगायोगानं सापडलेला. अशा डागातून कॅन्सर निघणं फार दुर्मीळ. मी घाई केव्हा करतो? खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली, आठवड्या-दोन आठवड्यांत गाल फुगत चालला, चांगले दात अचानक हलायला लागले किंवा दुखण्यानं रात्री झोपमोड होऊ लागली, तर. यातलं एक जरी असेल तर उद्याच दाखवा. नसेल तर दोन-तीन आठवडे नीट तपासण्यात गेले म्हणून काही बिघडत नाही. मात्र “दहावी होऊ दे, मग बघू” असं म्हणून वर्षभर ढकलायचा हा विषय नव्हे. तपासण्या आत्ता करा. ऑपरेशन लागलंच तर ते दिवाळीच्या सुट्टीत बसवता येतं.

आता रूट कॅनालचं. या उत्तरात सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

जबड्यात सगळ्यात जास्त आढळणारी सिस्ट ही मेलेल्या दातातून होते. कीड दाताच्या नसेपर्यंत पोचते किंवा दाताला मार बसतो, आतली नस मरते, मुळाच्या टोकाशी जंतुसंसर्ग राहतो आणि हळूहळू तिथं पाण्याची पिशवी तयार होते. अशा दातात एक तर खोल कीड दिसते, नाहीतर जुनं मोठं फिलिंग, नाहीतर दाताचा रंग काळपट पडलेला असतो. तिथं रूट कॅनाल हाच योग्य उपचार, आणि लहान सिस्ट तर नुसत्या रूट कॅनालनंही भरून येते.

पण तुम्ही लिहिलंय की मुलाच्या दातांना कीड नाही. एका रांगेतल्या तीन चांगल्या दातांच्या नसा आपोआप मरत नाहीत. डाग तीन मुळांखाली दिसतो म्हणजे त्या तीन दातांमुळे झाला, असं होत नाही. मुळं केवळ त्या जागेत आलेली असू शकतात. दात जिवंत असतील तर रूट कॅनालनं डागाला काडीचा फरक पडणार नाही, आणि पंधराव्या वर्षी तीन धडधाकट दात मात्र कायमचे कमकुवत होतील. पुढं कॅप, मग ती कॅप बदला, असं आयुष्यभराचं काम मागं लागतं.

दात जिवंत आहे का हे पाहायला पाच मिनिटं लागतात. कापसाच्या बोळ्यावर थंड स्प्रे मारून तो दाताला लावायचा, आधी डाव्या बाजूच्या चांगल्या दाताला, मग उजव्या बाजूच्या संशयित दाताला. मुलाला दोन्हीकडे सारखीच सणक आली आणि बोळा काढल्यावर लगेच गेली, तर नस शाबूत. विजेच्या सौम्य करंटनं तपासायचं छोटं यंत्रही असतं. पण कोवळ्या वयात मुळाचं टोक पूर्ण बंद झालेलं नसेल तर ते यंत्र फसवतं, त्यामुळे पोरांमध्ये माझा भरवसा थंडीच्या चाचणीवर जास्त. निकाल प्रत्येक दाताच्या नंबरसकट केस पेपरवर लिहून मागा. मागायला संकोच वाटू देऊ नका. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

दात जिवंत निघाले की मी परत फिल्मकडे वळतो. मुळाभोवती एक बारीक पांढरी रेघ असते, ती सलग आहे की मोडलीय? डागाची वरची कड सरळ आहे, की दोन मुळांच्या मधून झालरीसारखी वर शिरलीय? मुळं सरकलीत का, झिजलीत का? हाड बाहेर फुगलंय का? आणि डागाच्या आत न उगवलेल्या दाताचं डोकं आहे का?

१० ते २० वर्षांचा मुलगा किंवा मुलगी, खालचा जबडा, जिवंत दात, जागेवरची मुळं, झालरीसारखी कड आणि शून्य त्रास, हे सगळं एकत्र आलं की माझ्या मनात पहिलं नाव येतं ते साध्या हाड-सिस्टचं. इंग्रजी रिपोर्टात याला सिंपल बोन सिस्ट, सॉलिटरी बोन सिस्ट किंवा ट्रॉमॅटिक बोन सिस्ट लिहितात. तीन रिपोर्टांत तीन नावं दिसली तर तीन आजार झाले असं समजू नका. जबड्यातल्या या पोकळीचं वर्णन लुकस यांनी १९२९ साली केलं. खांद्याजवळच्या आणि मांडीच्या हाडातही मुलांना ती होते. तिला आतून पेशींचं अस्तर नसतं. उघडून पाहिलं तर थोडं पिवळसर किंवा रक्ताळ पाणी मिळतं, आणि कितीतरी वेळा नुसती रिकामी पोकळी. पहिल्यांदा पाहणारे विद्यार्थी गोंधळून विचारतात, “सर, गाठ कुठाय?”

ही बहुतेक वेळा तुमच्यासारखीच सापडते, तारांसाठी काढलेल्या ओपीजीत. त्या वयात ओपीजी काढले जातात म्हणून त्या वयात सापडते, हेही एक कारण असावं. आणि ओपीजीच्या किरणांची धास्ती घेऊन बसला असाल तर सोडून द्या. एका ओपीजीतून मिळणारी मात्रा ही आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळते तेवढीच असते.

आता कोपराचं. एक जुना सिद्धांत असा की मार बसतो, हाडाच्या आत रक्त साकळतं, त्याचं हाड न होता ते विरघळतं आणि पोकळी उरते. यावर डॉक्टरांचं एकमत नाही. कितीतरी रुग्णांना मार बसल्याचं आठवत नाही, आणि मार बसलेल्या असंख्य पोरांना काही होत नाही. कोल्हापुरात तर हा प्रश्न विचारून काहीच हाती लागत नाही. पेठेतला कुठला पोरगा हनुवटीवर न पडता मोठा झालाय? कुणी तालमीत आपटलेला, कुणी शाहू स्टेडियमवर, कुणी रंकाळ्यावर सायकल घसरून. विचारलं की प्रत्येक घरात एक मार आठवतोच. तेव्हा पोराला फुटबॉलवरून बोलू नका, आणि ज्याचा कोपर लागला त्या पोराच्या घरी तर मुळीच जाऊ नका. (हसू नका, असे लोक भेटलेत.)

ही साधी पोकळीच आहे हे नक्की कसं करायचं? आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. पूर्ण डोक्याचा नको, तेवढ्याच भागाचा पुरे. त्यात हाडाची बाहेरची भिंत किती पातळ झालीय, खालच्या ओठाच्या संवेदनेची नस कुठून जाते आणि आत पडदे आहेत का, हे कळतं. तरीही शेवटची खात्री उघडून पाहिल्यावरच होते. या आजाराची सोय अशी की ते उघडून पाहणं हाच उपचारही असतो.

कापण्याआधी मात्र मी जाड सुई घालून आत काय आहे ते ओढून पाहतोच. ही पायरी कुणी गाळत असेल तर विचारा. हवा किंवा थोडं पिवळसर पाणी आलं तर मन हलकं होतं. पांढरट, दह्याच्या गाठींसारखं काही आलं तर वेगळ्या सिस्टचा संशय. आणि सिरिंज लालभडक रक्तानं जोरात भरली तर तिथंच थांबायचं, कारण रक्तवाहिन्यांचा विकार असलेला जबडा क्लिनिकच्या खुर्चीत उघडणं जिवावर बेतू शकतं.

सगळं ठीक असेल तर काम छोटं आहे. समजूतदार मुलाचं जागेवरच्या भुलेतही होतं. घाबरट असेल किंवा पोकळी मोठी असेल तर पूर्ण भूल. चीर तोंडाच्या आतून हिरडीला, चेहऱ्यावर व्रण नाही. हाडाला लहानशी खिडकी पाडायची, आत बघायचं, भिंती हलक्या हातानं खरवडायच्या, म्हणजे ताजं रक्त येऊन पोकळी भरते, आणि टाके घालून बंद. त्या रक्ताच्या गुठळीतून शरीर स्वतः हाड तयार करतं. पोरांचं हाड भरायला उत्सुक असतं. साधारण ६ महिन्यांत एक्स-रेवर फरक दिसतो आणि वर्षभरात बहुतेक पोकळी भरते. माझ्या मते या वयात कृत्रिम हाडाची पावडर भरायची गरज सहसा नसते. बिलात ती ओळ दिसली तर का ते विचारा. मुळांच्या टोकांजवळ आणि नसेजवळ खरवडताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण या पोकळीत नस कधी कधी मोकळी लोंबकळत असते. तिला धक्का लागला तर ओठ काही आठवडे बधिर राहू शकतो. हे ऑपरेशनआधीच तुम्हाला सांगितलं गेलं पाहिजे.

आतून जे काही निघेल, नखाएवढा पापुद्रा का असेना, तो बायोप्सीला गेलाच पाहिजे. “काही नव्हतं आत, म्हणून पाठवलं नाही” हे उत्तर मला पटत नाही. भिंतीवरचा हाडाचा कण तरी पाठवता येतो.

“ऑपरेशन न करता नुसतं बघत राहिलं तर?” हा पुढचा प्रश्न येणारच. काही पोकळ्या आपोआप भरल्याच्या नोंदी आहेत. डाग लहान असेल, चित्र अगदी ठरावीक असेल आणि घरचे वेळेवर फेरतपासणीला येणारे असतील, तर मी ६ महिने थांबायला तयार असतो. तुमच्या मुलाचा डाग तीन दातांखाली पसरलाय, तो मैदानी खेळ खेळतो आणि तारा बसवायच्या आहेत. माझा कल उघडून पाहण्याकडे आहे. स्कॅननंतर तो बदलूही शकतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी मोठ्या ऑपरेशनचं सांगितलं ते वेडेपणाचं नाही. त्यांच्या मनात दुसरी नावं असणार आणि तीही लक्षात ठेवलीच पाहिजेत. सगळ्यात त्रासदायक केराटोसिस्ट. ती हाड फारशी न फुगवता आतल्या आत लांबट पसरते, दातही जिवंत असतात, त्यामुळे फिल्मवर साध्या पोकळीसारखी दिसू शकते. तिला अस्तर असतं आणि त्याचा तुकडा राहिला तर ती परत येते, कधी कधी बऱ्याच वर्षांनी. म्हणून तिथं जास्त कडक उपचार आणि वर्षानुवर्षं फेरतपासणी लागते. लहान वयात अशा दोन-तीन सिस्ट एकाच वेळी सापडल्या तर मी पोराचे तळहात बघतो आणि छातीचा एक्स-रे मागवतो. गॉर्लिन सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात तळहातावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे आणि फाटे फुटलेल्या बरगड्या दिसतात.

याच वयात न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवतीही सिस्ट होते, जास्त करून खालची अक्कलदाढ किंवा वरचा सुळा. तुमच्या वर्णनात अडकलेला दात नाही, म्हणून ती बाजूला ठेवतो. पण ज्यांच्या मुलाला ती आहे त्यांच्यासाठी एक वाक्य : दात काढून टाकायची घाई करू नका, मोठ्या सिस्टला तोंडात उघडी वाट करून दिली की दाब कमी होतो, हाड भरतं आणि पोरांमध्ये तो दात कितीदा आपल्या जागी उगवतोही. अमेलोब्लास्टोमा या जबड्यातल्या गाठीचा एक प्रकार तरुण वयात असाच सिस्टचं सोंग घेऊन येतो, त्याचा निवाडा बायोप्सीच करते. रक्तानं भरलेली अ‍ॅन्युरिझमल सिस्ट आणि जायंट सेलची गाठ या दोन्हींत बहुधा हाड फुगतं. जायंट सेल रिपोर्टमध्ये आलं तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइडची तपासणी आधी करून घ्यायची, कारण कधी मूळ आजार जबड्यात नसून गळ्यातल्या ग्रंथीत असतो.

म्हणून आधी नाव, मग ऑपरेशनचा आकार. बायोप्सीशिवाय जबड्याचा भाग कापायला कुणी निघालं असेल तर दुसरं मत घ्या.

कुठं जायचं? तोंड-जबडा शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ कोल्हापुरात आहेत. खर्चाची अडचण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या दंत विभागात दाखवा. नवे पारगावला दंत महाविद्यालय आहे, सांगली भागातही आहेत. महाविद्यालयाचा फायदा असा की शस्त्रक्रिया आणि तोंडाच्या आजारांची बायोप्सी वाचणारा विभाग एकाच छताखाली असतो, आणि जबड्याच्या सिस्टमध्ये वाचणाऱ्याची नजर फार मोलाची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला कागद दाखवून विचारा. ते रिपोर्टवरच्या नावावर आणि रुग्णालयावर अवलंबून असतं.

ऑपरेशननंतर दोन आठवडे मऊ जेवण. पांढरा रस्सा कोमट करून चालेल, तांबडा नको. भडंग नको. आणि ऊस दातानं सोलणं अनेक महिने पूर्ण बंद. आपल्याकडं पोरं रानात गेली की हे हमखास करतात, आणि पातळ झालेल्या जबड्यावर त्याचा जोर वाईट पडतो. खेळाचं स्कॅनवर ठरेल. हाडाची खालची कड जाड असेल तर धावणं, व्यायाम लवकर सुरू करू देतो, पण सामना आणि धक्काबुक्की मी एक्स-रेवर हाड भरताना दिसेपर्यंत थांबवतो. पोरगं रुसेल, त्याचा कोच फोन करेल. दोघांनाही फिल्म दाखवायची. परत खेळायला लागला की दातांवर बसणारा माउथगार्ड घ्या. आणि स्कॅन होईपर्यंत, म्हणजे आत्तासुद्धा, हेडर आणि टॅकल बंदच ठेवा.

तारांबद्दल : खालच्या तारा आत्ता नकोत. हाड नसलेल्या जागेत मुळं सरकवणं मला पसंत नाही, आणि दात हलले तर ते तारांमुळे की डागामुळे, हे कळत नाही. वरच्या दातांचं काम सुरू करायला सहसा हरकत नसते, ते तुमच्या ऑर्थोडॉन्टिस्टनी (तारा बसवणाऱ्या डॉक्टरांनी) आणि सर्जननी एकमेकांशी बोलून ठरवावं. खालचं काम पोकळी भरायला लागल्यावर. फेरतपासणीचे एक्स-रे ६ महिने आणि १ वर्षाला, नंतर तिसऱ्या वर्षापर्यंत वर्षातून एकदा. शक्यतो एकाच सेंटरला काढा, म्हणजे तुलना नीट होते. ही पोकळी परत होणं दुर्मीळ आहे, पण होते.

आत्ता लगेच करायचं ते एवढंच : मूळ ओपीजीची डिजिटल कॉपी सेंटरकडून मागून घ्या, आणि थंडीची चाचणी उजव्या बाजूच्या सुळ्यापासून दुसऱ्या दाढेपर्यंत प्रत्येक दाताची करून घ्या, फक्त त्या तीन दातांची नको. निकाल काय आले ते कळवा. एखादा दात अजिबात प्रतिसाद देत नसेल तर मी वर लिहिलेला क्रम बदलेल, आणि मग त्या एका दाताच्या रूट कॅनालचा विचार आधी करावा लागेल.